तक्रार संपत नाही तेव्हा

मनिलातील 'द जर्क्स' हा रॉक बँड १९७९ साली, मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या अमदानीत उभा राहिला. स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला त्यांचा एकमेव संग्रह मात्र १९९७ साली आला. त्याला नावही बँडचेच. तोवर अठरा वर्षे लोटली होती. इतक्या उशिरा आलेल्या या संग्रहाचा विचार करताना एक प्रश्न टाळता येत नाही. हुकूमशहा १९८६ च्या फेब्रुवारीतच देश सोडून गेला होता. मग अकरा वर्षांनंतर हा संताप कशासाठी?

ते चार दिवस आमच्या वाचकांना ठाऊक असतील. कार्डिनल हाइमे सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना हाक दिली आणि जपमाळा हाती घेतलेल्या धर्मभगिनी चिलखती गाड्यांसमोर गुडघे टेकून बसल्या. त्या चित्रापाशीच आपण बहुधा थांबतो. परंतु २२ जानेवारी १९८७ रोजी, नव्या राजवटीला वर्षही झाले नसताना, जमिनीचा हक्क मागत मेंदिओलाकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि १३ जण ठार झाले. हे दुसरे चित्र डोळ्यांपुढे ठेवल्यावाचून या संग्रहाचा सूर उमगत नाही.

'रेक्लामो नांग रेक्लामो' हे शीर्षकच पाहा. टागालोगमध्ये 'नांग' घालून शब्दाची द्विरुक्ती केली की क्रिया थांबतच नाही असा अर्थ होतो. आपल्याकडे 'नुसती कुरकुर नि कुरकुर' म्हणतात तसे. (मूळ शब्द स्पॅनिश. राज्यकर्ते गेले, तक्रारीचा शब्द मागे राहिला!) 'सायाव सा बुबोग' म्हणजे काचांच्या तुकड्यांवरचे नृत्य. शीर्षकातील त्या एका प्रतिमेत वेदना आहे आणि न थांबण्याची जिद्दही आहे.

'रेज' या गीतापाशी आम्ही अधिक रेंगाळलो. डिलन थॉमस यांनी मरणोन्मुख वडिलांना उद्देशून लिहिलेली, १९५१ साली प्रसिद्ध झालेली कविता त्याच्या मुळाशी आहे. त्या कवितेत एक मुलगा एका पित्याला विनवतो. चिकॉय पुरा यांनी ती विनवणी घराबाहेर काढून रस्त्यावर आणली. मावळणारा प्रकाश आता एका माणसाच्या डोळ्यांतला नाही, तो समाजाचा आहे. उसनवारी अशी असावी! तरीही आमचा एक आक्षेप आहे. हे गीत इंग्रजीत आहे. मनिलात इंग्रजी समजते हे खरे. पण मेंदिओलाला निघालेल्या शेतकऱ्याला राग येतो तो इंग्रजीतून खचित नव्हे. टागालोग गीतांतली घरगुती धार येथे थोडी बोथट होते.

स्टुडिओतील नेटकेपणाचीही आम्हांस किंचित अडचण वाटते. असली गीते समोरच्या गर्दीने ओळ उचलून धरावी म्हणून रचलेली असतात, आणि येथे गर्दी नाही. नितॉय आद्रियानो यांची गिटार ही उणीव पुष्कळशी भरून काढते, सगळी नाही.

मार्कोस यांचेच चिरंजीव २०२२ साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. आजचा श्रोता हा संग्रह त्या निकालासह ऐकणार, हे उघड आहे. भाषा न कळणाऱ्याने प्रारंभ 'सायाव सा बुबोग'पासून करावा. 'रेज' इंग्रजीत असल्याने जवळचे वाटेल, पण ते मागाहून ऐकावे.