फेरेटच्या खाण्यातली पाचक पूड

फेरेट आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नसतो. आपल्या पाणमांजराच्याच कुळातला हा लांबट अंगाचा छोटा मांसाहारी प्राणी युरोपात सुमारे दोन हजार वर्षांपासून माणसाळलेला आहे. पूर्वी सशांच्या बिळात सोडण्यासाठी तो पाळत. आता अमेरिका-युरोपातल्या घरांत हौस म्हणून पाळतात. त्याच्या रोजच्या खाण्यात पाचक विकरांची पूड मिसळावी, असा सल्ला तिकडे दिला जातो. सल्ला शास्त्रीय भाषेत असतो, म्हणूनच तो तपासायला हवा.

युक्तिवाद असा: कोरडे खाद्य तयार करताना उष्णतेने त्यातली विकरे नष्ट होतात, मग सारा भार स्वादुपिंडावर पडतो आणि ते थकते. एडवर्ड हॉवेल यांनी ‘एन्झाइम न्यूट्रिशन’ या १९८५ सालच्या पुस्तकात अशीच कल्पना मांडली होती. विकरे निर्माण करण्याची कुवत जन्मतःच ठरलेली असते आणि ती आयुष्यभर खर्च होत जाते, असे त्यांचे म्हणणे.

उष्णतेची गोष्ट खरी आहे. ताज्या अननसाचा रस घातला तर जिलेटिन घट्ट बसत नाही. तोच रस उकळून घातला तर बसते. वर्गात जरूर करून पाहा. (जिलेटिनऐवजी आगर घेऊ नका, ते प्रथिन नाही.) पण पुढची पायरी निसटते. उंदराच्या मांसातली विकरे उंदराच्या पेशींच्या कामासाठी असतात, त्याला खाणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे! शिवाय विकर हे स्वतःच प्रथिन असल्याने त्यातले बरेचसे जठरात इतर प्रथिनांसारखेच पचून जाते. आणि स्वादुपिंड म्हणजे काही बँकेतली ठेव नाही. अन्नातून मिळणाऱ्या अमिनो आम्लांपासून ते रोज नवी विकरे बनवते.

फेरेटचे आतडे आखूड असते, अंधांत्र नसतेच, आणि अन्न तीन-चार तासांत बाहेर पडते. म्हणून त्याला मदत हवी, असेही सांगतात. परंतु ही रचना मांस पचवायला पुरेशी आहे. धान्यातला स्टार्च आणि तंतू तिला नीट पेलत नाहीत. मग खाद्यात धान्य भरायचे आणि वर ते पचवणारी पूड विकायची, यापेक्षा धान्यच कमी करणे सरळ नाही का?

ही पूड निरुपयोगी आहे असे मात्र नाही. स्वादुपिंड पाचक विकरे बनवेनासे झाले, तर ती खरे औषध ठरते. जर्मन शेफर्ड कुत्र्यांत हा विकार बराच आढळतो, फेरेटमध्ये क्वचित.

फेरेटच्या स्वादुपिंडात वारंवार आढळतो तो इन्शुलिनोमा. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींची ही गाठ. पाचक विकरांशी तिचा संबंध नाही. अवयव एकच असल्याने घोटाळा होतो. प्राणी सुस्तावतो, मागचे पाय लटपटतात, लाळ गळते, तो तोंडावर पंजे मारतो. मालकाला वाटते, पोट बिघडले असेल, आणि पूड चालू होते. तिकडे रक्तातली साखर उतरतच राहते. ती फार उतरली की झटके येतात. वास्तविक पशुवैद्याने थोडा वेळ उपाशी ठेवून रक्त तपासले आणि शंभर मिलिलिटरमध्ये ६० मिलिग्रॅमहून कमी साखर निघाली, तर या गाठीचा दाट संशय त्याच दिवशी घेता येतो.