जमलेल्या जोडीचं पुढे काय?

२०१५ या एका वर्षात मराठी प्रेक्षकासमोर प्रेमकथांचे तीन दुसरे भाग आले. १ मे रोजी रवी जाधवांचा ‘टाइमपास २’ लागला. तीन आठवड्यांनी, २२ मे रोजी, आनंद एल. राय यांचा हिंदी ‘तनू वेड्स मनू रिटर्न्स’ आला. आणि ऐन दिवाळीत, १२ नोव्हेंबरला, सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई २ : लग्नाला यायचंच!’. तिन्हींनाही गर्दी झाली आणि तिन्हींवरही घरोघरी, नाक्यानाक्यावर वाद झाले. ‘पहिल्याची सर नाही’ हे वाक्य तिन्ही वेळा ऐकू आलं. मात्र ते म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिकीट काढलं होतं, आणि पुढचा भाग आला तर पुन्हा काढायची त्यांची तयारी होती.

प्रेक्षकाच्या या नाराजीला निर्माते फारसे गंभीरपणे घेत नाहीत. गल्ला जमला की तक्रार विरते, असा त्यांचा अनुभव आहे. पण ही तक्रार नीट ऐकली तर तिच्यात पटकथेचं बरंच नेमकं परीक्षण सापडतं. थरारपटाच्या दुसऱ्या भागाला नवा गुन्हा मिळतो आणि विनोदी चित्रपटाला नवी फजिती. रोमँटिक कॉमेडीचं इंधन मात्र ‘यांचं जमणार का?’ हा एकच प्रश्न असतो, आणि तो पहिल्या भागाच्या शेवटी संपलेला असतो. मग दुसऱ्या भागात दोघांमध्ये आणायचं काय? मराठीत याचं उत्तर बहुतेक वेळा बाहेरून आणलं गेलं, आणि प्रेक्षकाला नेमकं तेच खटकत आलं आहे.

जून २०१०मध्ये आलेला ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आठवून पाहावा. स्थळाला नकार द्यायला पुण्यात आलेली मुंबईची मुलगी, तिला भेटलेला एक पुणेकर आणि हातात एक दिवस. जवळजवळ संपूर्ण चित्रपट मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी या दोघांच्या बोलण्यावर उभा आहे. दोघांना नावंही नाहीत. ती मुंबईची बाजू लावून धरते, तो पुण्याची, आणि या शहरांच्या भांडणाआडून दोघं एकमेकांना चाचपत राहतात. तो वाद करताना हरत नाही, ती हरल्याचं कबूल करत नाही. ज्याला नकार द्यायला मुलगी आली होती तो मुलगा हाच, हे उघड होतं तेव्हा प्रेक्षकाला धक्क्यापेक्षा गंमत जास्त वाटते, कारण तोवर तोही या दोघांच्या बाजूचा झालेला असतो. हा साचा इतका पक्का होता की शहरं बदलून तो इतर भाषांतही नेता आला. राजवाडेंनी स्वतः २०१४मध्ये ‘मुंबई दिल्ली मुंबई’ केला, आणि २०१९मध्ये पंजाबीत ‘चंदीगढ अमृतसर चंदीगढ’ आला.

पाच वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा त्या दोघांना नावं मिळाली होती, गौतम आणि गौरी. सोबत दोन भरलेली घरं आली. प्रशांत दामले, विजय केंकरे, सविता प्रभुणे, सुहास जोशी अशी मातब्बर मंडळी पडद्यावर वावरू लागली. खरेदी, याद्या, मानपान, नाचगाणी सुरू झाली. लग्न जवळ येतं तशी गौरी कचरते आणि नेमका त्याच वेळी तिचा जुना प्रियकर परत येतो. इथे प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. एका तटाला हा चित्रपट मनापासून आवडला. दिवाळीत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना घेऊन जाता येईल असा, स्वच्छ, हसता हसता डोळे ओले करणारा. दुसऱ्या तटाला वाटलं, आपण ज्या दोघांसाठी आलो ते स्वतःच्याच लग्नात पाहुण्यासारखे वावरताहेत. भांडणात शब्दाला शब्द देणारी ती मुलगी इथे बराच वेळ गप्प आणि गोंधळलेली दिसते. तिच्या मनातली भीती खरी आहे, पण ती बोलून दाखवण्याआधीच पटकथा तिच्यापुढे जुना प्रियकर उभा करते. मग प्रश्न ‘आपण लग्न का करतोय’ हा न राहता ‘दोघांपैकी कोण’ असा होतो, आणि त्याचं उत्तर पोस्टरवरच छापलेलं असतं.

दोन्ही तटांचं बरोबर होतं. पहिल्यांना कौटुंबिक चित्रपट हवा होता, तो मिळाला. दुसऱ्यांना रोमँटिक कॉमेडी हवी होती, ती कुटुंबाच्या गर्दीत हरवली. त्याच १२ नोव्हेंबरला ‘कट्यार काळजात घुसली’ आणि सलमान खानचा ‘प्रेम रतन धन पायो’ही लागले होते, तरी या चित्रपटाने आपला प्रेक्षक मिळवला. म्हणजे मराठी घराला सामावून घेणारं प्रेम तिकीटबारीवर चालतं, हे सिद्ध झालं. त्याची किंमत जोडीच्या संवादाने मोजली, हे मात्र हिशेबात धरलं गेलं नाही.

या चित्रपटाला आणखी एक अडचण होती, तिच्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. दोन भागांच्या मधल्या काळात, २०१२मध्ये, याच जोडीची आणि याच दिग्दर्शकाची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही मालिका झी मराठीवर घराघरांत पोचली होती. घना आणि राधाचं ते कंत्राटी लग्न. आधी लग्न, मग प्रेम असा उलटा प्रवास आणि भोवती गजबजलेला काळे परिवार. थोडक्यात, स्वप्नील-मुक्ताचा संसार आणि घरच्यांची लुडबुड हे सगळं प्रेक्षकाने रोज रात्री दिवाणखान्यात बसून पाहून घेतलं होतं. ‘सीरियल बघितल्यासारखं वाटलं’ ही दुसऱ्या भागावरची तक्रार म्हणूनच निव्वळ टोमणा नव्हती. प्रेक्षकाची स्मरणशक्ती शाबूत होती.

‘मुंबई-पुणे-मुंबई’चा तिसरा भाग ७ डिसेंबर २०१८ रोजी आला. गौरीला दिवस गेले आहेत, दोघांची तयारी नाही, घरच्यांना मात्र आभाळ ठेंगणं झालंय. विषय उत्तम आहे. मूल हवं की नको, आत्ता की नंतर, हा प्रश्न त्या वयाच्या कितीतरी मराठी जोडप्यांच्या स्वयंपाकघरात दबक्या आवाजात चर्चिला जातो. मुक्ता बर्वे त्यातली घालमेल चेहऱ्यावर नेमकी आणतात. पण घरच्यांच्या कौतुकसोहळ्याचा आवाज इतका मोठा आहे की दोघांचं खरं बोलणं त्याखाली दबतं. तिथेही अडथळा नात्याच्या आत होता. पटकथा त्याला हात लावते आणि पटकन बारशाकडे बघू लागते.

‘टाइमपास’ची गोष्ट वेगळी. जानेवारी २०१४मध्ये आलेल्या पहिल्या भागात चाळीतला दगडू आणि शिस्तीच्या लेले घरातली प्राजक्ता, दोघांच्या जातीपातीचं आणि वर्गाचं अंतर हसतखेळत पण स्पष्ट दिसत होतं. भाषेपासून डब्यातल्या पदार्थांपर्यंत सगळ्यातून ते कळायचं. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांचं कोवळं वय हा त्या चित्रपटाचा प्राण होता. दुसऱ्या भागात कथेने काळाची मोठी उडी मारली आणि मोठ्या दगडू-प्राजक्ताच्या भूमिकेत प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट आले. दोघंही कसलेले नट. तरीही ‘हा आपला दगडू वाटत नाही’ असं कितीतरी प्रेक्षक थिएटरबाहेर पडताना म्हणाले. रोमँटिक कॉमेडीत प्रेक्षक कथेपेक्षा माणसाच्या प्रेमात पडलेला असतो. त्याला ते दोन चेहरे, ती बोलण्याची ढब आणि तो वेडेपणा पुन्हा हवा असतो. दिलेल्या भूमिकेला दुसरा नट न्याय देईलही, पण प्रेक्षकाची ती ओढ त्याच्याकडे आपोआप वळत नाही.

जुलै २०२२मधल्या ‘टाइमपास ३’ने ही चूक सुधारली आणि दुसरी केली. प्रथमेश परब परतले, हृता दुर्गुळे यांच्या पालवीच्या रूपाने दगडूला सव्वाशेर भेटला, संजय नार्वेकरांचा डॉनही होता. पण कथा घडते पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या काळात. दगडूला शेवटी प्राजक्ताच मिळणार हे प्रेक्षकाला सात वर्षांपूर्वीच ठाऊक झालेलं. मग पालवीवर जीव लावायचा तो कशासाठी? हसू भरपूर आलं, पण धाकधूक कुठेच नव्हती.

२०१५चा तिसरा चित्रपट, ‘तनू वेड्स मनू रिटर्न्स’, इथे उपयोगी पडतो. चार वर्षांच्या संसारानंतर नवरा-बायको लंडनमध्ये मानसोपचार डॉक्टरांच्या समितीपुढे बसून एकमेकांची लक्तरं काढतात, आणि त्या तमाशाच्या शेवटी मनूलाच वेड्यांच्या इस्पितळात डांबलं जातं. पहिल्याच प्रसंगात चित्रपट मान्य करतो की पहिल्या भागातलं लग्न फसलं आहे. हे धाडस होतं. पुढे तनूसारखीच दिसणारी हरयाणाची खेळाडू दत्तो येते. दोन्ही भूमिकांत कंगना राणावत, ज्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांची मतं शेवटावर फाटली. भर मांडवातून माघार घेऊन मनूला मोकळं करणारी आणि मग एकटी रडणारी दत्तो अनेकांना तनूपेक्षा लाख मोलाची वाटली. मनूने तनूकडे परतावं हे त्यांना पटलं नाही. पण हा वाद पात्रांच्या लायकीबद्दलचा होता, ‘कथेला पाणी घातलंय’ असा नव्हता. दुसऱ्या भागावर इतक्या पोटतिडकीने भांडण व्हावं हेच त्याचं यश.

परदेशातलं उदाहरण घ्यायचं तर रिचर्ड लिंकलेटर यांची त्रयी टाळता येत नाही. दोन अनोळखी माणसं, एक शहर, थोडा वेळ, या मांडणीमुळे पहिल्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ची तुलना ‘बिफोर सनराइज’शी (१९९५) होत आली आहे. पुढचे भाग बरोबर नऊ-नऊ वर्षांनी आले, २००४ आणि २०१३मध्ये. तिसऱ्या ‘बिफोर मिडनाइट’मध्ये जेसी आणि सेलिन या जोडप्याचं ग्रीसमधल्या हॉटेलच्या खोलीतलं भांडण आहे. मित्रांनी त्यांना भेट दिलेली ती एकांताची रात्र. जेसीच्या पहिल्या लग्नाच्या मुलाचा फोन येतो, त्यावर एक साधा शेरा, त्यातून दुसरा, आणि बघता बघता नोकरी, मुली, कुणी कुणासाठी काय सोडलं, सगळं बाहेर पडतं. सेलिन खोलीतून निघून जाते, परत येते, पुन्हा जाते. तिथे ना जुना प्रियकर आहे ना डॉन. एकमेकांना ओळखणारी दोन माणसं आहेत, आणि नेमकं कुठे बोललं की लागेल हे दोघांनाही ठाऊक आहे. ईथन हॉक आणि ज्युली डेल्पी यांनी दिग्दर्शकाबरोबर बसून दुसरा आणि तिसरा भाग लिहिला. पात्रांबरोबर नटांचंही वाढलेलं वय त्या संवादांत उतरलं.

हे मराठीला जमत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण मराठी रंगभूमीने ते केलं आहे. प्रशांत दामले आणि कविता लाड यांच्या ‘एका लग्नाची गोष्ट’ने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून नाट्यगृहं भरवली. जवळपास वीस वर्षांनी, २०१८मध्ये, त्याच दोघांनी अद्वैत दादरकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ रंगमंचावर आणली. मुरलेल्या संसारातला तोचतोचपणा हाच नाटकाचा विषय. समोर बसलेला प्रेक्षकही तेवढाच वयाने वाढलेला. ज्यांनी पहिलं नाटक लग्न ठरलेलं असताना पाहिलं ते दुसऱ्याला मुलांना घेऊन आले. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी माटुंग्याच्या षण्मुखानंद सभागृहात दामलेंनी आपला कारकिर्दीतला १२,५००वा प्रयोग केला, तो याच नाटकाचा. ‘पहिल्याची सर नाही’ म्हणणारे तिथेही असतील, पण हशा येत होता तो ओळखीच्या दुखण्यावर.

अलीकडचा प्रवाह दुसरीकडे वळलेला दिसतो. सचिन पिळगावकरांच्या ‘नवरा माझा नवसाचा २’ने (२०२४) प्रेमाची जबाबदारी पुढच्या पिढीवर टाकली, पहिल्या भागात एसटीतला कंडक्टर झालेले अशोक सराफ इथे कोकण रेल्वेत टीसी होऊन भेटतात, आणि प्रेक्षकाला त्या योगायोगाची गंमत वाटली. राजवाडेंच्याच ‘प्रेमाची गोष्ट २’ने (२०२५) २०१३चं नाव ठेवून जोडी नवी घेतली. दोन्ही वाटा सुरक्षित आहेत. जुन्या जोडीचं नातं उघडून पाहायची वेळच त्यात येत नाही.

गौतम-गौरीकडे मात्र ती सामग्री अजून शिल्लक आहे. पहिल्या चित्रपटाचा सगळा विनोद दोन शहरांच्या भांडणातून आला होता, आणि लग्नाच्या धामधुमीत ते भांडणच मागे पडलं. संसार कुठल्या शहरात थाटायचा, तिची नोकरी इथे आणि त्याचे आईवडील तिथे असं असलं तर एक्स्प्रेस-वेवर रोजचे तास कुणी मोजायचे, मुलाला शाळा कुठली, आणि सुट्टीत कुणाच्या माहेरी-सासरी जायचं, यातला कुठलाही वाद दुसऱ्या-तिसऱ्या भागाच्या कथेचा कणा झाला नाही. त्यासाठी तिसरं माणूस आणावं लागत नाही. दोन कसलेले नट, एक गाडी आणि लोणावळ्याच्या घाटातली वाहतूककोंडी पुरेशी आहे.