बोललेला हेतू आणि चालविलेली सेवा : भाषा-सहायकांच्या संकल्पनेची चिकित्सा

आपला हेतू नित्याच्या भाषेत सांगावा आणि संगणकाने महाजालावरील योग्य सेवा शोधून ती चालवावी, ही आकांक्षा जुनीच आहे. 2000 साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी 'यूडीडीआय' ही वेब सेवांची सामाईक नोंदवही पुढे आणली; तिची सार्वजनिक आवृत्ती जानेवारी 2006 मध्ये बंद झाली. सेवेला कोणती माहिती द्यावी व ती काय परत करील एवढे तांत्रिक वर्णन सांगत असे. ती कोणी, कोणत्या प्रसंगी वापरावी हे त्यात नसे. ही उणीव आजचे सहायक भाषेच्या आकलनाने भरून काढतात, असे मानले जाते. 2022 मध्ये 'भाषिणी' सुरू झाली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने व्हॉट्सअ‍ॅपद्वारे सेवा देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला. त्यामुळे नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याच्या बोलीवर ही धारणा तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

"बाप वारला, जमिनीला नाव लावायचंय" हे वाक्य घेऊ. यात एकही अवघड शब्द नाही. परंतु महसूल विभागाच्या ई-हक्क प्रणालीत 'वारस नोंद' आणि 'मयताचे नाव कमी करणे' हे दोन स्वतंत्र अर्ज आहेत. वारसांची नावे सातबारावर आधीच असतील तर दुसरा लागतो, नसतील तर पहिला. भावांना जमीन वाटून घ्यायची असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे जावे लागते. बहिणींचे हक्कसोडपत्र करायचे तर ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे लागते. 'नाव लावणे' या एका क्रियापदात हे सारे मावते. योग्य सेवा कोणती, याचा निर्णय वाक्यात नसलेल्या वस्तुस्थितीवर अवलंबून असतो.

बोलीचा प्रश्न त्याहून लहान आहे, तथापि उपेक्षणीय नाही. "नोंद होईना गेलीय" असे लातूरकडचा माणूस म्हणतो, तेव्हा नोंद अडून राहिली आहे असा त्याचा अर्थ असतो. प्रमाण मराठीवर घडलेले यंत्र 'गेलीय' या शब्दावरून काम पार पडल्याचा ग्रह करून घेऊ शकते.

खरा धोका निराळाच आहे. "आम्हा दोघा भावांचं नाव लावा" ही आज्ञा सहायक बिनचूक समजेल आणि बिनचूक पाळेलही. तलाठी (2024 पासून ग्राम महसूल अधिकारी, गावात मात्र अजून तलाठीच) निदान "बहिणी किती?" असे विचारू शकतो. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पित्याच्या मुली व विधवा 1956 च्या कायद्यापासूनच वारस आहेत. वडिलोपार्जित संपत्तीत मुलींना मुलांबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. फेरफार प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस देण्याची तरतूद कलम 150 मध्ये आहे हे खरे. पण अर्जात जिचा उल्लेखच नाही, अशा सासरी नांदणाऱ्या बहिणीपर्यंत ती पोहोचण्याचा संभव थोडा.

कमीत कमी प्रश्न विचारून काम उरकणे हा सहायकाचा गुण समजला जातो. महसुली व्यवहारात हा निकष उलटा लावावा लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सेवा शोधून देण्याचे काम यंत्राकडे खुशाल सोपवावे. पंतप्रधान किसान योजनेसाठी 2023 मध्ये आलेला 'किसान ई-मित्र' शंकांची उत्तरे देतो. तेथे उत्तर चुकले तरी पुन्हा विचारता येते. चुकीचा फेर मात्र एकदा प्रमाणित झाला की उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे अपील करावे लागते, आणि ते बहुधा त्या बहिणीलाच करावे लागते.