कोउतु, द्योगु दु
कोउतु, द्योगु दु : (१५४२–१० डिसेंबर १६१६). पोर्तुगीज इतिहासकार व सैनिक. जन्म लिस्बन येथे. राजपुत्र लूईश याच्या पदरी असताना त्याचे शिक्षण झाले. १५५९ मध्ये तो सैनिक म्हणून भारतात आला व सु. दहा वर्षे त्या पेशात राहिला. मायदेशी परतताना मोझँबीक येथे त्याला कवी कामोइंश हा मित्रांच्या आधारावर दिवस कंठीत असलेला आढळला; ही हकीकत त्यानेच नोंदवून ठेवली आहे. १५७१ मध्ये तो पुन्हा भारतात आला आणि पुढे गोव्यात स्थायिक झाला. त्या वेळी पोर्तुगालचाही राजा असलेल्या स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५९५ मध्ये त्याला राज्याचा इतिहासलेखक व गोव्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख नेमले. गोव्यातच तो मरण पावला.

ज्वांव द बार्रुश (मृ. १५७०) याने आरंभिलेला पोर्तुगिजांचा आशियातील इतिहास कोउतुने चौथ्या खंडापासून पुढे नेला. या खंडांना ‘दशके’ म्हणतात. चौथे ते सातवे दशक १६०२–१६ या काळात प्रसिद्ध झाले. आठव्या व नवव्या दशकांची हस्तलिखिते चोरीस गेल्याने त्याला ती संक्षेपाने पुन्हा लिहावी लागली. अकरावे दशक उपलब्ध नाही.

बार्रुशची भाषा अधिक डौलदार आहे. परंतु तो भारतात कधीच आला नव्हता. कोउतुची शैली काहीशी ओबडधोबड असली, तरी तीत प्रत्यक्ष पाहणी आणि दप्तरातील कागद यांचे पाठबळ आहे. त्याने घारापुरी व कान्हेरी येथील लेण्यांची वर्णने दिली आहेत. घारापुरीचा एक शिलालेख पोर्तुगालला नेण्यात आला, पण तेथे तो कोणालाही वाचता आला नाही, ही माहितीही तो देतो.

कान्हेरीच्या संदर्भात त्याच्या बुद्धीची झेप व मर्यादा दोन्ही दिसतात. ख्रिस्ती संत जोसाफात याची कथा व बुद्धचरित्र यांतील साम्य त्याने अचूक हेरले. मात्र बुद्ध म्हणजे मूळचा जोसाफातच असावा, असा उलटा निष्कर्ष काढला. बुद्धाचीच कथा पश्चिमेकडे जाऊन ख्रिस्ती झाली आणि ‘जोसाफात’ हे ‘बोधिसत्त्व’ याचेच रूपांतर आहे, हे एकोणिसाव्या शतकातील संशोधनाने सिद्ध झाले. साम्य दिसण्यास त्याची दृष्टी पुरेशी होती. त्याचा अर्थ लावताना धर्मश्रद्धा आड आली.

ओ सोल्दादु प्रातिकु (म. शी. अनुभवी सैनिक) हा त्याचा संवादरूप ग्रंथ १७९० मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी, प्रसिद्ध झाला. भारतातून परतलेला एक जुना सैनिक माजी गव्हर्नर व राजदरबारातील अधिकारी यांच्यापुढे लाचलुचपत, पदांची विक्री आणि सैनिकांची उपेक्षा यांचा पाढा वाचतो. दशकांत राजाश्रित इतिहासकाराला जे मोकळेपणाने मांडता आले नाही, ते येथे सैनिकाच्या तोंडून आले आहे. तथापि त्याचा रोष सत्तेच्या भ्रष्टतेवर आहे, सत्तेच्या अधिकारावर नाही. जिंकलेल्या प्रदेशातील रयतेची बाजू या संवादात स्वतंत्रपणे उभी राहत नाही. म्हणून कोकण व गोव्याच्या इतिहासासाठी त्याचे लेखन मोलाचे असले, तरी ते फार्सी व मराठी साधनांशी ताडूनच वापरावे लागते.