भाजीची टोपली आणि मताचा हक्क

ताजी, हंगामातली भाजी थेट शेतकऱ्याकडून घ्यावी, असे सांगणारे लेखन अलीकडे वाढले आहे. ग्राहकांनी मिळून सहकारी भांडार चालवावे. किंवा एखाद्या शेताचे सभासद होऊन हंगामाआधीच वर्गणी भरावी आणि दर आठवड्याला जी निघेल त्या भाजीची टोपली घरी न्यावी, अशी ही योजना आहे. पीक बुडाले तर तोटा शेतकऱ्याबरोबर सभासदांनीही सोसायचा. कल्पना चांगली आहे. माझा आक्षेप तिचा जो इतिहास सांगितला जातो त्याला आहे.

अमेरिकेत या शेतीचा आरंभ बहुधा १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतील दोन शेतांपासून मोजतात. त्यामागे युरोपातील विचारांची प्रेरणा सांगतात. परंतु त्याआधीच अलाबामातील टस्कीगी येथे बुकर टी. व्हॉटली हे कृष्णवर्णीय कृषितज्ज्ञ छोट्या शेतकऱ्यांना सांगत होते की गिऱ्हाइकांचे सभासद-मंडळ करा, वर्गणी आगाऊ घ्या आणि माल त्यांनाच शेतात येऊन तोडू द्या. हे नाव प्रचलित कथेत फार उशिरा आले. का आले, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मोनिका व्हाइट यांचा 'फ्रीडम फार्मर्स' (२०१८) हा ग्रंथ म्हणूनच महत्त्वाचा आहे. काळ्यांचा मुक्तिलढा आणि त्यांची शेती यांचे नाते तो मांडतो. शेती म्हणजे गुलामीची आठवण, एवढाच अर्थ तो मान्य करीत नाही. शेती हे प्रतिकाराचेही साधन होते, असे त्याचे प्रतिपादन आहे. यातील फॅनी लू हेमर यांचे प्रकरण प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे.

हेमर मिसिसिपीतील बटाईने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबातल्या. वीस भावंडांत धाकट्या. १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, म्हणून मळेवाल्याने त्यांना हाकलून दिले. त्याच हिवाळ्यात शेजारच्या लेफ्लोर जिल्ह्यात अधिकाऱ्यांनी सरकारी धान्याचे वाटप बंद केले, कारण काळे लोक मत मागू लागले होते. आपल्याकडे १९३० च्या स्टार्ट समितीच्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे जे वर्णन आहे, त्याचीच ही आवृत्ती. हक्क मागितला की चूल विझवायची. भूक हे सत्तेचे शस्त्र आहे, हे मिसिसिपीच्या मळेवाल्याला आणि आपल्या गावच्या पाटलाला सारखेच कळले होते.

याला उत्तर म्हणून हेमर यांनी १९६९ साली चाळीस एकरांवर 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती उभी केली. भाजीपाला पिकवला. डुकरांची 'बँक' काढली : कुटुंबाने मादी न्यायची आणि पुढे पिले झाली की त्यांतली दोन परत करायची. ज्याच्या घरात अन्न आहे त्याला मत देण्यापासून कोणी अडवू शकत नाही, हा त्यामागचा विचार. वर्गणी होती महिन्याला एक डॉलर. तो एक डॉलरही सुमारे तीस कुटुंबांनाच परवडला. आणखी दीड हजार कुटुंबे नावाने सभासद होती. त्यांना दाराबाहेर ठेवले नाही.

आगाऊ वर्गणीच्या शेतीची खरी परीक्षा मला या आकड्यात दिसते. ज्याला महिन्याचा पगार आहे तो हंगामाचे पैसे आधी भरू शकतो. ज्याची रोजंदारी संध्याकाळी हातावर पडते, त्याने काय करावे? माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. आई दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जाई. आम्ही हंगामाचीच भाजी खात होतो : तरोटा, घोळ, पाथरी. ती बांधावर फुकट मिळत होती म्हणून. आज त्याच रानभाज्यांचे महोत्सव भरतात आणि माझे सहकारी मला त्यांचे गुण समजावून सांगतात. भाजी तीच आहे. एकाची ती निवड आहे, दुसऱ्याची ती सक्ती होती. हा फरक न पाहणारे लेखन आहाराबद्दल बोलते, माणसाबद्दल बोलत नाही.

'फ्रीडम फार्म' टिकले नाही. जमीन वाढून सुमारे ६८० एकर झाली, पण नैसर्गिक आपत्ती, कर्जाचे हप्ते, कर आणि देणग्यांवरचे अवलंबन यांपुढे १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर ती हातची गेली. १९७७ साली हेमर वारल्या. व्हाइट यांचा भर समूहाच्या कर्तृत्वावर आहे, आणि तो योग्यच आहे. मला मात्र या पराभवाचा अर्थ अधिक मोलाचा वाटतो. पायाखालची जमीन कर्जाची असेल तर टोपलीतली भाजीही उसनीच असते. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांनी, जातिभेद न मानता, ती सामुदायिक रीतीने कसावी अशी योजना मांडली होती. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह त्याच प्रश्नावर होते. तो प्रश्न सुटलेला नाही.

काळ्यांची ही परंपरा मात्र संपलेली नाही. डेट्रॉइट शहरात काळ्यांच्या पुढाकाराने सहकारी अन्नभांडार २०२४ साली सुरू झाले. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. काळ्यांची कविता आपण वर्गात शिकवतो, त्यांच्या आत्मकथनांवर प्रबंध लिहितो. त्यांची शेते मात्र आपल्या अभ्यासक्रमात नाहीत. विद्रोहाच्या साहित्याइतकाच विद्रोहाच्या अन्नाचाही अभ्यास व्हायला हवा. आणि उद्या आपल्या वस्तीत कोणी भाजीची सहकारी संस्था काढली, तर तिचे सभासद किती, हे विचारण्याआधी एवढेच विचारावे : ज्याच्याकडे वर्गणी नाही, तो तिच्या दारात आला तर त्याचे नाव वहीत लिहिले जाते का?