काटेरी ट्रायलोबाइट आणि वर्णनाची परिभाषा

पाथरी परिसरातील काळ्या जमिनीखालचा खडक बेसाल्ट होय, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. ट्रायलोबाइट हे सागरी संधिपाद प्राणी त्याच्याही पुष्कळ आधी, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, नामशेष झाले. येथील विद्यार्थ्यास हा जीवाश्म नांगराच्या फाळाशी सापडावयाचा नाही; तो भेटावयाचा शब्दांतूनच. म्हणून वर्णनातील शब्दांची निवड हा प्रश्न येथे गौण राहत नाही.

वॉलिसेरॉप्स ट्रायफर्केटस ही मोरोक्कोतील डेव्होनियन खडकांत मिळालेली जाती या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. २००१ साली मोर्झाडेक यांनी तिचे नामकरण केले. प्रजातिनामात ओट्टो वॉलिसर या जर्मन पुराजीवशास्त्रज्ञाचे स्मरण आहे. जातिनामाचा अर्थ ‘तीन फाट्यांची’ एवढाच. डोक्याच्या पुढच्या कडेतून एक दांडा निघतो आणि त्याला टोकाकडे तीन फाटे फुटतात. शिवाय डोळ्यांवर, पाठीवर व शरीराच्या कडांवर काटे आहेतच.

‘त्रिखंडी’ हा मराठी प्रतिशब्द येथे सावधपणे वापरावा लागतो. वाचक डोके, धड व शेपूट अशी तीन खंडे मोजू लागतो. वस्तुतः नाव पडले ते मधला कणा व त्याच्या दोन बाजू अशा उभ्या विभागणीवरून.

वर्गीकरणातही हीच सावधगिरी हवी. ही जाती फॅकोपिडा गणातील; धडाचे अकरा खंड आणि सुट्या, मोठ्या भिंगांचे डोळे ही त्या नात्याची साक्ष. काटे ही साक्ष नव्हे. मोरोक्कोतच मिळणारा डिक्रॅन्यूरस तितकाच काटेरी, पण त्याचे कूळ निराळे. मराठीत फारसी शब्द विपुल आहेत म्हणून ती इराणी शाखेत जात नाही, तसेच हे.

‘काटा’ हा आपला शब्द फार उदार आहे. बोरीचा काटा, माशाचा काटा, साळिंदराचा काटा : वनस्पतीचा अवयव, हाड आणि केस यांना एकच नाव! ट्रायलोबाइटचा काटा यांपैकी काहीच नाही. तो कवचाचाच लांबलेला, आतून पोकळ भाग. ‘कवचकंटक’ हा शब्द जड खरा, परंतु दिशाभूल करीत नाही.

खरी अडचण ‘त्रिशूळ’ या शब्दाची. इंग्रजी लेखनातही त्याच अर्थाचा शब्द रूढ आहे. मराठी वाचकाच्या मनात तर त्रिशूळ म्हणताच शस्त्र उभे राहते, म्हणजे पुराव्यापूर्वीच निकाल लागतो. लॅटिन नाव या बाबतीत अधिक संयमी आहे. हा अवयव अन्नशोधाचा, स्पर्शाचा की संरक्षणाचा, हे शब्दाने ठरावयाचे नव्हते. २०२३ साली गिशलिक व फोर्टी यांनी एका विकृत नमुन्याकडे लक्ष वेधले : त्याला तीनऐवजी चार फाटे होते, तरी तो प्राणी पूर्ण वाढीपर्यंत जगला. अन्न वा संरक्षण त्या अवयवावर अवलंबून असते तर हे कठीण होते. यावरून आणि गेंडा भुंग्याच्या शिंगाशी तुलना करून त्यांनी नरांच्या आपसांतील झुंजीचे अनुमान काढले. अनुमान बलवान आहे, पण ते एकाच विकृत नमुन्यावर बरेचसे उभे आहे. आणि मादीचा निश्चित नमुना अद्याप कोणी दाखविलेला नाही. तोवर मराठी वर्णनात ‘तीन फाट्यांचा कंटक’ असेच लिहावे. ‘त्रिशूळ’ हा शब्द अनुमानाच्या परिच्छेदासाठी राखून ठेवावा.