वाफेची स्लेज आणि लाकडाचा हिशोब

लिंडसे ब्युरोकर या अमेरिकन लेखिकेची ‘फ्लॅश गोल्ड’ ही इंग्रजी लघुकादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली. प्रकाशनसंस्थेकडे न जाता लेखिकेने ती स्वतःच ई-पुस्तकाच्या रूपात काढली. असे पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचवायला मागे मोठी जाहिरात नसते. ब्युरोकर यांनी आपल्या दुसऱ्या एका मालिकेचे पहिले पुस्तक विनामूल्य देऊन वाचक मिळवले. एरवी भिस्त असते ती एका वाचकाने दुसऱ्याला केलेल्या शिफारशीवर. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या हाती असे पुस्तक ठेवले, तर तीही शिफारसच. म्हणून ती नीट पारखून करायला हवी.

ही कथा ‘स्टीमपंक’ प्रकारातली आहे. के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने १९८७ साली हा शब्द योजला. वाफेच्या युगातील यंत्रे त्या काळी होती त्याहून कितीतरी पुढे गेली असती तर जग कसे दिसले असते, याची कल्पना या कथांत असते. येथे घटनास्थळ आहे कॅनडातील गोठलेला युकॉन प्रदेश. अठरा वर्षांची काली मॅकअ‍ॅलिस्टर कुत्र्यांविना, वाफेवर चालणारी स्लेज घेऊन शर्यतीत उतरते. हजार डॉलरचे बक्षीस जिंकून आपले आडबाजूचे गाव कायमचे सोडायचे, हा तिचा बेत. पण तिच्या दिवंगत वडिलांनी किमयेने तयार केलेल्या ‘फ्लॅश गोल्ड’ या ऊर्जादायी पदार्थाचे रहस्य हवे असलेले लोक आणि हवाई जहाजांतून येणारे चाचे तिच्या मागावर असतात.

कथा वेगवान आहे. नायिका यंत्रावर हात चालवणारी आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थिनींच्या दृष्टीने मोलाची. पण विज्ञानशिक्षकाला पडणारा प्रश्न वेगळा आहे: अशी स्लेज खरोखर चालेल का?

हिशोब करून पाहू. पाच अश्वशक्तीचे लहान इंजिन चार तास चालवायचे आहे. वापरलेली वाफ बाहेर सोडून देणाऱ्या अशा इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे १५ किलो वाफ लागते असे धरू. म्हणजे एकूण ३०० किलो पाणी झाले. ते वाटेतल्या हिमातून मिळवायचे. उणे ३० अंश सेल्सिअसचे एक किलो हिम शून्य अंशावर आणायला १५ किलोकॅलरी, वितळवायला ८०, पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला १००, आणि त्याची वाफ करायला ५४०, अशा एकूण ७३५ किलोकॅलरी लागतील. ३०० किलोंना सुमारे २,२०,००० किलोकॅलरी. एक किलो लाकडातून ३,५०० किलोकॅलरी मिळतात आणि त्यांतील निम्म्या पाण्यापर्यंत पोहोचतात असे मानले, तर सव्वाशे किलो लाकूड हवे. शिवाय भुसभुशीत हिम घनमीटरला सुमारे १०० किलो भरते, म्हणजे तीन घनमीटर हिम फावड्याने भरावे लागेल!

या आकड्यांत एक गंमत आहे. युकॉनच्या थंडीमुळे खर्च फार वाढेल, असे विद्यार्थी चटकन म्हणतील. प्रत्यक्षात हिमाचे शून्य अंशावरचे पाणी करायला एकूण उष्णतेचा जेमतेम आठवा हिस्सा लागतो. खरा खर्च बाष्पनाच्या अप्रकट उष्म्याचा आहे. तो युकॉनमध्ये आणि नागपुरात सारखाच.

इतिहासात बर्फावर चालणारे वाफेचे वाहन होऊनही गेले आहे. अमेरिकेतील मेन राज्यात अ‍ॅल्विन लोम्बार्ड याने १९०१ साली त्याचे पेटंट घेतले. मागे रणगाड्यासारखे पट्टे आणि पुढे स्लेजच्या धावपट्ट्या असलेले हे यंत्र जंगलातून ओंडके ओढून आणी. पण ते आगगाडीच्या इंजिनासारखे अवजड होते. ते ताशी सात-आठ किलोमीटर चाले आणि त्यावर आगवाल्यासह अनेक माणसे लागत. शर्यतीत कुत्र्यांनी त्याला सहज मागे टाकले असते.

हवाई जहाजांचेही तसेच. आंरी जिफार याने १८५२ साली पॅरिसहून तीन अश्वशक्तीच्या बाष्पइंजिनावर सुमारे २७ किलोमीटर उड्डाण केले. मात्र त्याला वाऱ्याविरुद्ध परतता आले नाही. एवढ्या बळावर चाचेगिरी कठीणच!

मग पुस्तक नापास करायचे का? मला तसे वाटत नाही. हा हिशोब झाल्यावर चाच्यांची हाव उलट अधिक पटते. सव्वाशे किलो लाकडाचे ओझे वाचवणारा पदार्थ मिळत असेल, तर त्याच्यामागे कोण लागणार नाही? कथेची कमकुवत बाजूही येथेच आहे. या पदार्थात ऊर्जा आली कोठून, याचे उत्तर किमयेवर सोडलेले आहे. वाफेच्या यंत्राचे आकर्षण हे की ते प्रत्येक कामाची किंमत पाणी आणि इंधन यांच्या रूपात उघडपणे मागते. किमयेचे सोने ती किंमत लपवते. साहसकथेत ते चालते, परंतु वाचणाऱ्याच्या ते ध्यानात यायला हवे.

तेव्हा इंग्रजी वाचू शकणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना हे पुस्तक जरूर सुचवावे. कथा आधी मोकळेपणी वाचू द्यावी, नंतर वरील हिशोब त्यांच्याकडून करून घ्यावा. लाकडाऐवजी दगडी कोळसा घेतला तर? इंजिन दहा अश्वशक्तीचे असेल तर? आणि शेवटी विचारावे: फ्लॅश गोल्डचा एक कण सव्वाशे किलो लाकडाचे काम करीत असेल, तर तो कण तयार करताना किती ऊर्जा घालावी लागली असेल?